हा डाग नाही

कालिंदी शिराळकरांचं चित्र बदललं होतं आणि ते त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. यात नवल काही नाही. मेलवरचं आपलं चित्र आपण कुठे बघतो? पत्र समोरच्याकडे जातं, त्याच्या डोक्यावरचं ते गोल चित्रही समोरच्याकडेच जातं, आणि आपल्याला दिसतात ती दुसऱ्यांची तोंडं.

सांगलीच्या मार्केट यार्डाच्या मागल्या बाजूला कालिंदीबाईंची हळद तपासायची प्रयोगशाळा होती. व्यापारी पोत्यातली ओंजळभर हळद आणून द्यायचे. तिच्यात रंग किती, भेसळ किती, हे तपासून त्या अहवाल मेलने पाठवायच्या. नवऱ्याच्या आजारपणात आणि नंतरच्या सुतकात प्रयोगशाळेचं कुलूप तसंच राहिलं होतं. आज त्यांनी ते उघडलं, टेबलावरची पिवळी धूळ झाडली आणि निजामाबादच्या जुन्या गिऱ्हाइकाला पहिला अहवाल धाडला. एरवी "मिळाला" या एका शब्दापलीकडे न जाणाऱ्या त्या गृहस्थाचं लगोलग उत्तर आलं. "ताई, तुमचं चित्र बघून फार वाईट वाटलं. देव तुम्हाला बळ देवो."

चित्र बघून? कालिंदीबाईंनी आपल्याच नावावर बोट ठेवलं आणि चित्र मोठं केलं.

चेहरा त्यांचाच होता. डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यांची, कानशिलावरचे पिकलेले केस त्यांचे. फक्त कपाळ कोरं होतं. त्यांचा हात आपसूक कपाळाकडे गेला. टिकली जागेवर होती. तरी खात्री करायला त्या बेसिनवरच्या आरशापाशी गेल्या. मरून रंगाची गोल टिकली, सकाळी लावलेली, जशीच्या तशी होती.

पूर्वी लोक मेलवर वाटेल ते चित्र लावत. कुणी लग्नातला फोटो लावी, कुणी नातवाचा, कुणी नुसतंच जास्वंदीचं फूल. मग बनावट चेहऱ्यांचा सुळसुळाट झाला. मुलाचा चेहरा लावून आईला गंडवायचं, साहेबाचा लावून कारकुनाला. शेवटी मेल चालवणाऱ्यांनी 'सद्यचित्र' आणलं. सद्यचित्र म्हणजे चालू घडीचं चित्र. ते आपण लावायचं नाही, यंत्र काढणार. आपण मेल उघडला की कॅमेरा आपल्याला बघतो आणि यंत्र चित्रात तेवढी दुरुस्ती करतं. केस कापले तर चित्रातले कापले जातात, दाढी वाढली तर वाढते. उजेड कमी असला, किंवा माणूस बरेच दिवस दिसलाच नाही, तर यंत्र खात्यावरच्या नोंदी बघतं, अशाच लाखो माणसांचे चेहरे कसकसे बदलले ते ताडून पाहतं आणि अदमास बांधतं. शिवाय ते चेहरा स्वच्छही करतं. कालिंदीबाईंच्या नाकागालावर दिवसभर हळद उडायची, पण चित्रात ती कधी आली नाही. ही सोय त्यांना फार आवडायची. 'आपल्या घरात न सांगता पुसून घेणारं एवढं एकच आहे,' असं म्हणून त्या दिनानाथांना चिडवायच्या.

दिनानाथ कृष्णेच्या घाटावर पोरांना पोहायला शिकवत. उभा जन्म पाण्यात काढलेला हा माणूस पोटाच्या कर्करोगाने बघता बघता वाळून गेला. जायच्या आधी त्यांनी दवाखान्यात सगळ्यांना खाटेभोवती जमवलं होतं. त्यांचे थोरले दादा होते, दादांची बायको विजयमाला अक्का होत्या, आणि पडद्यावर शाल्मली होती.

"हे बघा," दिनानाथ म्हणाले होते, "मी गेल्यावर हिच्या कपाळाला कुणी हात लावायचा नाही. आणि तू पण पुसायची नाहीस, कालिंदी. शब्द दे."

"अहो, काय बोलताय हे!"

"आधी शब्द दे."

त्यांनी दिला. मग दिनानाथ पडद्याकडे वळून म्हणाले, "शाल्मली, तू साक्षीदार बरं का."

शाल्मली ही त्यांची एकुलती एक लेक. पृथ्वीच्या दक्षिण टोकाला, बर्फावरच्या एका हवामान केंद्रावर ती हिवाळ्याच्या पाळीला गेली होती. तिथे हिवाळाभर सूर्य उगवत नाही आणि विमानही उतरत नाही. बाप गेला तेव्हा तिला येता आलं नाही. तिथल्या अंधारात भली भली माणसं मनाने खचतात, हे जाण्यापूर्वी तिनेच आईला सांगितलं होतं. त्यामुळे दिनानाथ गेल्यापासून कालिंदीबाईंचा अर्धा जीव त्या बर्फात अडकलेला होता.

दहाव्याला थोडी कुजबुज झाली, पण खरं सांगायचं तर फार नाही. कुंकू पुसायची ही चाल लोकांनाही नकोशी झालीच होती. दोघी-तिघींनी नाकं मुरडली. अक्का जुन्या वळणाच्या, त्यांनाही मनातून हे पटलेलं नव्हतं. पण "भावजींनी सांगितलंय, विषय संपला," एवढं बोलून त्यांनी सगळ्यांना पानावर बसवलं. कालिंदीबाई टिकली लावून बाजारात गेल्या, बँकेत गेल्या, कुणी काही म्हणालं नाही.

आणि शाल्मलीची पत्रं मात्र आखडत गेली होती. आधी चार ओळी, मग "बरी आहे", मग तेही नाही. ती बापासाठी रडत असेल, अशी कालिंदीबाईंनी आपल्या मनाची समजूत घातली होती. आज ते कोरं कपाळ बघून त्यांच्या लख्ख ध्यानात आलं, की लेक रडत नव्हती, रागावली होती.

त्यांनी दुपारीच फोन लावला. केंद्राशी जोडणारा उपग्रहाचा दुवा इतका अरुंद होता की त्यावरून फक्त अक्षरं आणि आवाज जाई. फोटो पाठवायची सोय नव्हती. बोलताना पलीकडे दिसे तोही माणसाचा खरा चेहरा नसे. खात्यावरचं सद्यचित्रच तिकडचं यंत्र आवाजाच्या लयीवर हलवून दाखवी; चित्रात झालेला बदल तेवढा यंत्रं एकमेकांना अक्षरांत कळवत.

"शाल्मली, माझं चित्र चुकलंय बघ," त्या घाईघाईने म्हणाल्या. "माझ्या कपाळावर टिकली आहे."



"आई, मी बघतेय ना तुला."

"तू चित्र बघतेस."

"सगळ्यांची चित्रं बरोबर आणि तुझंच तेवढं चुकलं? इथल्या डॉक्टरचा दात पडला तर त्याच्या बायकोला तिकडे चित्रातही तो पडलेला दिसला. यंत्राला काय पडलंय खोटं बोलायला?"

"आणि मला पडलंय?"

"तुला माझी भीती वाटत असेल. मी साक्षीदार ना." शाल्मली म्हणाली. "हे बघ, पुसलीस त्याचं मला काही नाही. लोकांनी जीव खाल्ला असेल तुझा. पण पुसून वर नाही म्हणतेस? निदान बाबांच्या बाबतीत तरी खोटं बोलू नकोस गं."

आणि तिने फोन ठेवला. आजवर इतकी भांडणं झाली, पण लेकीने आईला खोटारडी कधी म्हटलं नव्हतं. कालिंदीबाईंना नवऱ्याच्या मरणापेक्षा हे जास्त लागलं. असं वाटल्याची त्यांना नंतर लाजही वाटली.

अक्कांनी मध्ये पडून पाहिलं. "तुझी आई टिकली लावते, मी रोज बघते," असं त्यांनी स्वतः शाल्मलीला लिहिलं. त्यावर उत्तर आलं, "काकू, तुम्हीच पुसायला लावली असेल." अक्कांनी ते वाचून कपाळावर हात मारला. ज्या बाईने आपल्या मनाविरुद्ध दिराचा शब्द राखला, तिच्या पदरात हे पडलं.

मग कालिंदीबाईंनी खात्यातलं 'चित्र बदला' उघडलं. ती सोय अजून होती, पण नावापुरती. त्यांनी खिडकीपाशी उजेडात उभं राहून फोटो काढला आणि टाकला. यंत्र क्षणभर थांबलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली. 'नवं चित्र सद्यचित्राशी जुळत नाही. कपाळावर डाग आहे. डाग दूर करून स्वीकारू?' त्यांनी 'नको' म्हटलं. दुसरा फोटो काढला, तिसरा काढला. मोठी टिकली लावली, लाल लावली, शेवटी देवघरातल्या करंड्यातलं कुंकू बोटाने ओढलं. दर वेळी यंत्राने तितक्याच अदबीने तोच प्रश्न विचारला.

शाल्मलीचं पत्र येईनासं झालं. केंद्राच्या दैनंदिन बातमीपत्रात हवेचे आकडे असायचे, त्याखाली तिची आद्याक्षरं असायची. ती बघून कालिंदीबाई समजायच्या की आहे, जिवंत आहे. एके दिवशी आद्याक्षरं दुसऱ्याच कुणाची आली. चौकशी केली तेव्हा कळलं, ती आजारी नाही, फक्त खोलीतून बाहेर येत नाही.

त्या सकाळी कालिंदीबाईंनी टिकली काढली. पत्र लिहिलं. 'तुझं बरोबर आहे. मी पुसली. चुकले. आता तरी बोल.' एवढ्याशा खोट्याने लेक खोलीबाहेर येणार असेल तर आईचं काय जातं? चित्र आणि चेहरा दोन्ही सारखे झाले की भांडणच मिटलं. त्या पाठवणार, एवढ्यात अक्का शेंगदाण्याच्या चटणीची वाटी घेऊन आत आल्या आणि दारातच थबकल्या.

"काय गं, कपाळ रिकामं? काढलीस?"

कालिंदीबाईंनी सगळं सांगितलं. अक्कांनी वाटी खाली ठेवली.

"दहाव्याला आम्ही एवढ्या बायका बसलो होतो. मी पण होते की त्यात. आम्हाला भ्याली नाहीस आणि यंत्राला भ्यालीस?"

"यंत्राला नाही हो अक्का, पोरीला."

"मग पोरीला खरं दाखव. खोटं कबूल करून काय होणार? आज तिला बरं वाटेल, पण आई खोटं बोलली हे तिच्या मनात कायमचं राहील." अक्कांनी पाकिटातली एक टिकली काढून त्यांच्या हातात ठेवली, स्वतः लावली नाही. "जा. मिरजेला मेलवाल्यांचं केंद्र आहे म्हणतात. तिथं जाऊन समोर उभी राहा त्यांच्या."

कालिंदीबाईंनी ते पत्र न पाठवताच काढून टाकलं, टिकली लावली आणि मिरज गाठली. तिथल्या सेवा केंद्रात तन्वीर मुजावर नावाचा अभियंता होता. त्याने कालिंदीबाईंकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं.

"बसा की मॅडम."

त्याने कॅमेरा त्यांच्याकडे वळवला आणि यंत्राचं काम एरवी दिसत नाही ते पडद्यावर संथ गतीने लावलं. आधी चेहरा आला, टिकलीसकट. कालिंदीबाईंना हायसं वाटलं. मग टिकलीभोवती एक बारीक चौकोन उमटला, त्यावर 'डाग' असं लिहून आलं, आणि टिकली कडेकडेने फिकट होत गेली. बरोबर त्याच वेळी नाकावरचा हळदीचा एक कणही गेला. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचं कपाळ पुसलं जात होतं आणि खोलीत त्यांना कुणी हातही लावलेला नव्हता. त्यांना हुंदका आला.

मुजावरने पाण्याचा ग्लास पुढे केला. "मिस्टरांचं खातं कधी बंद केलं?"

"सुतक फिटल्यावर. थोरल्या दादांनी दाखला जोडला."

"तेव्हाच झालंय हे. त्या दिवसांत तुम्ही मेल उघडला नसणार. यंत्राला नोंद मिळाली की नवरा गेला. मग त्यानं अदमास बांधला. आपल्या भागातल्या हजारो बायकांची चित्रं त्यानं बघितलीत, आधीची आणि नंतरची. नंतरच्या चित्रात टिकली नाही. आता तुम्ही समोर टिकली लावून बसलाय, तर त्याला वाटतंय, इथं टिकली असायचं काही कारण नाही, म्हणजे हळदच उडाली असणार."

"हे त्याला शिकवलं कुणी?"

"कुणीच नाही. त्यानं फक्त बघितलं."

"पण लोक सोडायला लागलेत हो ही चाल."

"सोडलेलं त्याला दिसेनासंच झालंय, मॅडम. जी बाई टिकली ठेवते तिची ते पुसतं. आणि पुसलेलं चित्र परत त्याच्याच शिकवणीला जातं. उलट त्याची खात्री वाढत चाललीय."

कालिंदीबाईंनी विचारलं, "बाकीच्या बायकांनी तक्रार नाही केली?"

"एकीनं पण नाही. त्यांना वाटलं असणार, घरातल्याच कुणीतरी बदललं. सुनेनं, दिरानं. घरच्या माणसाची तक्रार मेलवाल्यांकडं कोण करतंय?" तो थोडा घुटमळला. "आमच्या अम्मीच्या नाकात चमकी होती. अब्बा गेल्यावर चित्रातनं गेली. मी इथं नोकरीला, ती गावी. मला वाटलं तिनंच काढली असेल. मी विचारलंच नाही."

"अजून नाही विचारलं?"

"नाही." त्याने नजर पडद्याकडे वळवली. "दोन रस्ते आहेत. तुमचं खातं मी अपवादात टाकतो. फोटो लावायचा, यंत्र हात लावणार नाही. फक्त चित्राला राखाडी कडा येईल, न तपासलेलं चित्र म्हणून."

राखाडी कडा बघून शाल्मली काय म्हणेल ते कालिंदीबाईंना तिच्या आवाजासकट ऐकू आलं. आता आईने खोटं चित्रही लावून घेतलं. "दुसरा रस्ता सांगा."

"हरकत घ्यायची. हा डाग नाही, असं सांगायचं. मग ते विचारतं, डाग नाही तर काय? ते त्याला पटलं पाहिजे. एका शब्दात."

त्यांनी हरकतीवर बोट ठेवलं. प्रश्न आला. त्यांनी लिहिलं, टिकली. उत्तर आलं, 'टिकली: सौभाग्यचिन्ह. खात्यावरच्या नोंदीशी विसंगत.' त्यांनी लिहिलं, कुंकू. तेच उत्तर. दागिना लिहिलं, तर 'सौभाग्यअलंकार' म्हणून परत आलं. सवय लिहिलं, तेव्हा यंत्राने विचारलं, 'सवयी सुटतात. काही काळाने काढू?'

"त्याच्याकडच्या प्रत्येक शब्दाच्या शेवटी नवराच बसलाय," मुजावर हताश होऊन म्हणाला.

कालिंदीबाईंना आता राग आला. त्या चार वर्षांच्या असताना आई शाळेत धाडण्याआधी हनुवटी धरून टिकली लावायची, तेव्हा कुठला आला होता नवरा? नवरा नंतर आला. चांगला आला आणि गेला. त्याच्या आधीपासून जे आहे त्याचं नाव काय? आणि गंमत अशी, की हे त्यांना आजवर कुणीच विचारलं नव्हतं. पुसायला सांगणाऱ्यांनी नाही, आणि पुसू नकोस म्हणून शब्द घेणाऱ्या दिनानाथांनीही नाही. नाकाला कुणी विचारतं का, तू कशाचं चिन्ह? कानाला?

त्यांनी लिहिलं, कपाळ.

यंत्र बराच वेळ थांबलं. मग अक्षरं उमटली. 'कपाळ: शरीराचा भाग. दाखवलेली खूण कपाळाचाच भाग आहे?'

त्यांनी 'होय' दाबलं.

'शरीराचा भाग काढला जात नाही. नोंद घेतली. अशा इतर चित्रांबाबत त्या त्या व्यक्तींना विचारू?'

त्यांनी मुजावरकडे पाहिलं. त्याने मान हलवली. त्यांनी पुन्हा 'होय' दाबलं. पडद्यावरच्या चेहऱ्यावर टिकली हळूहळू परत आली. मुजावरने उठून खिडकी उघडली आणि पाठ फिरवून डोळे पुसले. तेवढ्यात त्याच्या टेबलावरचा फोन वाजला. अम्मीचा होता. मेलवर काहीतरी विचारतंय, काय दाबू, असं ती विचारत होती.

निघताना तो दारापर्यंत आला. "मॅडम, एक सांगायचं राहिलं. आता ते टिकलीला कपाळच समजणार. उद्या तुम्ही स्वतःच्या मनानं काढली, तरी चित्रातली जाणार नाही."

"बरं," कालिंदीबाई म्हणाल्या. त्या वेळी त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

शाल्मलीचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. कालिंदीबाई प्रयोगशाळेतून येऊन, हळदीने माखलेलं तोंड खसाखसा धुऊन पुसत उभ्या होत्या. ओल्या हातानेच त्यांनी फोन घेतला.

"आई." एवढा एकच शब्द, आणि मग पलीकडून रडणं. कालिंदीबाईही रडल्या. दोघी एकमेकींशी काही न बोलता पोटभर रडल्या, दिनानाथ गेल्यावर रडायच्या राहिल्या होत्या त्या.

"दिसतेय गं, आई," शाल्मली शेवटी म्हणाली. "टिकली दिसतेय. मी तुला काय काय बोलले. यंत्र चुकलं म्हणून मेल आलाय त्यांचा. मला माफ कर. मी आज बाहेर आले, जेवले पण सगळ्यांबरोबर."

"जेवलीस ना? बास मग."

"आत्ता बघत बसलेय तुझ्याकडे. किती छान दिसतेस."

कालिंदीबाईंनी हसून कपाळावरून ओला हात फिरवला, आणि हात तिथेच थांबला. त्यांनी समोर आरशात पाहिलं. तोंड धुताना काढलेली टिकली आरशाच्या काचेवर चिकटवलेली होती. कपाळ कोरं होतं.

खरी होती तेव्हा लेकीला दिसली नव्हती. आता नव्हती, तर लेक डोळे भरून बघत होती. काही बोलू नये, असं त्यांना फार वाटलं. पोर नुकती जेवली होती. पण पुढे उभा हिवाळा होता, मध्ये सारी पृथ्वी होती, आणि दोघींमध्ये त्या चित्राखेरीज होता तो फक्त आवाज. त्यांनी टॉवेल खुंटीवर टाकला.

"शाल्मली, एक विचारू? आत्ता या घडीला माझ्या कपाळावर टिकली नाही, असं मी तुला सांगितलं, तर तू खरं कुणाचं धरशील?"